चांदीचा चमचा विषारी अळंबी ओळखत नाही

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवरची अळंबी बाजारात आली, की ती पहिल्यांदाच खाऊ पाहणाऱ्याला एक जुना सल्ला हमखास मिळतो: शिजताना भांड्यात चांदीचा चमचा किंवा लसणाची पाकळी टाकावी, काळी पडली तर अळंबी विषारी, नाहीतर बिनधास्त खावी. हा सल्ला निखालस चुकीचा आहे. चांदी काळवंडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे, म्हणूनच उकडलेल्या अंड्यानेही ती काळी पडते. प्राणघातक अळंबीतल्या अमाटॉक्सिन या विषाचा मात्र तिच्यावर डागही उमटत नाही. किड्यांनी, गोगलगायींनी कुरतडलेली अळंबी माणसाला चालते, हेही खरे नाही.

अमाटॉक्सिन उकळल्याने वा वाळवल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि ते थांबून बरे वाटू लागते तेव्हाच आत यकृत निकामी होत असते. हा फसवा उतारच सर्वांत घातक आहे.

हिरवळीवर उगवणारी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली एक विषारी छत्री कोवळेपणी खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. टोपीखालच्या पडद्यांवर हिरवट झाक येते ती पुढे वाढल्यावर. म्हणून कळकळीने सांगावेसे वाटते, की वर्षानुवर्षे अळंबी खुडणाऱ्या स्थानिक जाणकाराने ओळख पटवल्याशिवाय ती शिजवू नये, आणि त्रास झालाच तर उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.