सांध्यावर अडणारे इंजिन

सरळ रुळांवर मॉडेल रेल्वेचे छोटे इंजिन छान पळते. सांध्यावर, म्हणजे एका मार्गाचे दोन मार्ग होतात तिथे, आले की गचका खाते, पुढचा दिवा मिचमिचतो आणि गाडी जागीच उभी राहते. बोटाने जरासे ढकलले की पुन्हा चालू. अशा वेळी बरेच जण मोटर उघडून बसतात. मोटर बहुधा ठणठणीत असते, त्या क्षणी तिच्यापर्यंत वीजच पोचत नसते.

दोन रुळांच्या मांडणीत एक रूळ धन, दुसरा ऋण. चाके रुळांवरून वीज उचलतात आणि चाकांना मागून टेकलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या ती आत नेतात. सांध्यावर मात्र एका मार्गाचा डावा रूळ दुसऱ्या मार्गाच्या उजव्या रुळाला छेदतो. तिथे धन आणि ऋण एकमेकांना भिडले तर शॉर्ट होणार. म्हणून छेदाचा तो टोकदार तुकडा, म्हणजे फ्रॉग, पुष्कळ सांध्यांत प्लास्टिकचा असतो. शॉर्ट टळतो, पण फ्रॉगवरच्या चाकाला वीज मिळत नाही.

आता चाके मोजा. चार चाकी इंजिनाला एका बाजूला दोनच चाके. एक फ्रॉगवर गेले की त्या बाजूचा सगळा भार उरलेल्या एकावर. ते मळलेले असेल, किंवा पकड वाढवायला त्याच्यावर रबर चढवलेले असेल, तर परिपथ तुटलाच. शिवाय चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर तीनच पायांवर उभे राहते, तसे फ्रॉग केसभर वर आला असेल तर एखादे चाक अधांतरी राहते. धातूची पट्टी सांध्यावर आडवी-उभी ठेवून उजेडासमोर पाहिले की ही फट दिसते. मला वाटते, या तपासणीइतके फळ दुसऱ्या कशानेच मिळत नाही, आणि नेमकी तीच राहून जाते.

नंतर मल्टीमीटर घ्यावा. एक टोक बाहेरच्या अखंड रुळावर धरून दुसरे समोरच्या रुळावरून हळूहळू सरकवत न्यावे. व्होल्टेजचा आकडा जिथे पडतो तिथे दोष. तो फ्रॉगच्या आधीच, सरकत्या पात्यावर (मार्ग बदलणाऱ्या रुळाच्या निमुळत्या तुकड्यावर) पडला, तर पाते शेजारच्या रुळाला नीट टेकत नाही असे समजावे. मध्ये धूळ किंवा गोंद असतो. साफ करून भागले नाही तर पाते फ्रॉगपासून विजेने तुटलेले आहे याची खात्री करून, त्याला शेजारच्या रुळाशी बारीक तारेने जोडावे.

प्लास्टिकच्या फ्रॉगवर पक्का उपाय म्हणजे धातूचा फ्रॉग असलेला सांधा. फ्रॉग बाकी रुळांपासून तोडायचा आणि तीन टोकांच्या मायक्रोस्विचचे मधले टोक त्याला जोडायचे. उरलेली दोन दोन्ही बाहेरच्या रुळांना. सांधा सरकला की स्विच दाबला जातो आणि फ्रॉग आपोआप योग्य बाजूचा होतो. गाडी येताच शॉर्ट झाला, तर ही दोन टोके अदलाबदल करावीत.

कधी उलटे घडते: रुंद चाक फ्रॉगपाशी जवळ आलेल्या दोन रुळांना एकदमच टेकते, ठिणगी पडते आणि पुरवठा बंद होतो. तिथे रुळाच्या माथ्यावर नेलपॉलिशचा छोटासा थर पुरतो.

चाके आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सँडपेपर लावू नये, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

डिजिटल इंजिनात, म्हणजे रुळांवरून येणाऱ्या संकेतांवरून वेग आणि दिशा ठरवणाऱ्या इंजिनात, वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर बसवता येतो. 2.7 व्होल्टचे, 1 फॅरडचे पाच सुपरकपॅसिटर ओळीने जोडले तर 13.5 व्होल्टला 0.2 फॅरड मिळतात. मोटर 0.1 अँपिअर घेत असेल तर व्होल्टेज 4 व्होल्टने उतरायला 8 सेकंद लागतात, फ्रॉग ओलांडायला हे भरपूर झाले. साध्या डीसीवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे वेग आणि दिशा रुळांवरच्या व्होल्टेजवरच ठरतात. पण कपॅसिटर दोष झाकतो. म्हणून तो जोडण्याआधीच इंजिन अगदी मंद वेगाने सांध्याच्या दोन्ही मार्गांवरून, दोन्ही दिशांनी नेऊन पाहावे.