घशातला जिवाणू आणि हृदयाची झडप

हवा बदलली की घसा खवखवू लागतो, आवंढा गिळताना टोचते, आवाज बसतो आणि अनेक जण डॉक्टरांकडे न जाता थेट मेडिकलच्या दुकानातून 'तीन दिवसांच्या गोळ्या' घेऊन येतात. या गोळ्या बहुधा अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या असतात. घसादुखी मात्र बहुतेक वेळा सर्दी-फ्लूच्या विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. ती आठवडाभरात आपोआप ओसरते, म्हणून गोळ्यांना फुकटचे श्रेय मिळते.

विषाणू घशाच्या अस्तरात शिरला की शरीर ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायने सोडते. त्यांच्यामुळे तेथील रक्तवाहिन्या फुगतात आणि मज्जातंतूंची टोके हळवी होतात, म्हणजे वेदना बरीचशी आपल्याच प्रतिकाराची असते. पॅरासिटामॉलने ती कमी होते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनीही आराम पडतो, जंतू मात्र त्याने मरत नाहीत. मध द्यायला हरकत नाही, पण एक वर्षाखालील बाळाला तो चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिनही देऊ नये.

खरी दक्षता घ्यायची ती 'स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस' या जिवाणूबाबत. घसा दुखणाऱ्या प्रौढांपैकी साधारण ५ ते १५ टक्के आणि मुलांपैकी २० ते ३० टक्के जणांमध्ये तो कारणीभूत असतो. ५ ते १५ वर्षे वयाची मुले त्याला अधिक बळी पडतात. घसा अचानक दुखू लागणे, ताप, सुजलेल्या टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दाबल्यास दुखणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे. खोकला, वाहते नाक आणि बसलेला आवाज असेल, तर बहुधा विषाणू. नुसत्या लक्षणांवरून खात्री देता येत नाही. त्यासाठी घशातील स्रावाची तपासणी करावी लागते.

या जिवाणूची धास्ती घशापुरती नाही. त्याच्या पृष्ठभागावरील 'एम' प्रथिनाचे आपल्या हृदयातील काही प्रथिनांशी साम्य असल्याने, जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. सांधेदुखी मागे काही न ठेवता बरी होते, पण हृदयाची झडप, विशेषतः हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप, कायमची आखडू शकते. श्रीमंत देशांतून जवळपास हद्दपार झालेला हा आजार भारतात अजूनही टिकून आहे. एकदा तो झाला की पुन्हा उलटू नये म्हणून अनेक वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते.

अमेरिकेतील वॉरेन हवाई तळावरील सैनिकांच्या, १९५० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, घशातील संसर्गावर वेळीच पेनिसिलिन दिल्यास संधिवाताचा ताप टळतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी संरक्षण मिळते, त्यामुळे तपासणीच्या निकालासाठी एखादा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. तोंडावाटे घ्यायचे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन मात्र पूर्ण दहा दिवस घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी अर्धवट टाकणे अंगाशी येऊ शकते. गंमत अशी की, इतकी दशके वापरूनही पेनिसिलिनपुढे हा जिवाणू टिकाव धरू शकलेला नाही, उलट अझिथ्रोमायसिनला न जुमानणारे त्याचे वाण आढळतात.

घसादुखीत तोंड उघडता न येणे, थुंकी गिळता न आल्याने लाळ गळणे, श्वास घेताना आवाज होणे किंवा मान सुजणे, यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. घशात करडा, घट्ट चिकटलेला आणि खरवडल्यास रक्त येणारा पडदा दिसला, तर तो घटसर्प असू शकतो, आणि त्यात प्रतिविष देण्यास झालेला उशीर जिवावर बेततो. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याचा घसा एकाच बाजूने तीन आठवड्यांहून अधिक काळ दुखत असेल, तर गुळण्या करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कर्करोगाची शंका फेडून घ्यावी.