ठासणीच्या बंदुकीतली राख

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या गावांत पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी गजानं ठासून भरायच्या. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर परत आणायच्या, हे ठरलेलं. मागच्या खेपेला आमच्या आप्पांची बंदूक परत आली ती आतून गंजून. ‘ठाण्यातली ओल लागली,’ म्हणून आप्पा मोकळे झाले. शेजारचे म्हणाले, खंडेनवमीची पूजा चुकवलीत, दुसरं काय! मी विचारलं, जमा करण्याआधी बार काढून नळी रिकामी केलीत ना? केली. मग पुसलीत कशानं? ‘कोरड्या फडक्यानं. लोखंडाला पाणी लावतात व्हय?’

गोची इथेच आहे.

बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की सगळ्याचा वायू होतो, असं आपण धरून चालतो. १९व्या शतकात नोबल आणि एबल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी बंद भांड्यात दारू जाळून मोजदाद केली. वजनाच्या सुमारे ४३ टक्के वायू झाला, बाकी ५७ टक्के घन पदार्थच उरला. म्हणजे बारानंतर दिसणारा पांढरा लोट ही बरीचशी हवेत उडालेली बारीक राखच. उडाली नाही ती नळीला चिकटते.

या सगळ्याच्या मुळाशी आहे पोटॅशियम. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातला नायट्रोजन वायू होऊन सुटतो, ऑक्सिजन कोळसा जाळण्यात खर्च होतो. पोटॅशियमला मात्र कुणाचा तरी हात धरून मागे राहावं लागतं. त्यातून कार्बोनेट होतं, आणि गंधक असल्यामुळे सल्फेट आणि सल्फाइडही. यातलं कार्बोनेट तुमच्या ओळखीचं आहे. चुलीच्या राखेनं भांडी घासताना बोटांना लागतो तो बुळबुळीतपणा त्याचाच. हवेतलं पाणी ओढण्यात ते मिठालाही हार जात नाही, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते कणकुंबी-जांबोटीकडच्यांना वेगळं सांगायला नको. नळीत तेच होतं. क्षार पाणी ओढतात, पाण्याला हवेची जोड मिळते आणि लोखंड गंजू लागतं. कोरडं फडकं वरची काजळी टिपतं, क्षार जागेवरच राहतात. वरून तेल चोपडलं तरी उपयोग नाही, कारण हे क्षार तेलात विरघळत नाहीत. पाण्यात विरघळतात.

गंमत म्हणजे या पाणीओढीचा एक फायदाही आहे. दमट हवेत ही राख मऊ राहते. कोरड्या थंडीत मात्र ती नळीत कडक थर धरते, आणि चार-पाच बारांनंतर गोळी गजानं ठासली तरी तळापर्यंत जात नाही. दारू आणि गोळीत असं अंतर राहणं धोक्याचं, नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून गोळीला मेण-चरबी लावायची पद्धत पडली. गोळी सहज सरकते आणि राखही मऊ राहते. १८५७च्या काडतुसांवरची ती चरबी याच कामाची होती!

आता ‘स्वच्छ जळणारी’ दारू. आप्पांच्या नातवानं मोबाइलवर अमेरिकी भुकट्या दाखवल्या आणि आप्पा खुलले, ‘विलायती दारू मागव की मग!’ (दारू कुठलीही असो, परवाना लागतोच.) पण ‘स्वच्छ’ म्हणजे काय ते बघा. १९७०च्या दशकातल्या पायरोडेक्समध्ये सोऱ्याच्या जोडीला पोटॅशियम परक्लोरेट असतं. राख कमी, पण तिच्यात पोटॅशियम क्लोराइड येतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. गंज चुकत नाही. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, त्यामुळे वास गेला आणि धुणं सोपं झालं, पण दारू बसते त्या जागी नळीत कडक कडं तयार होतं. ब्लॅकहॉर्न २०९ नायट्रोसेल्युलोज या झटकन जळणाऱ्या रसायनावर चालते, राख फार थोडी, पण तिला पेटायला शॉटगनच्या काडतुसाची जोरदार टोपी लागते. चकमकीच्या बंदुकीतल्या ठिणगीला या मंडळींतलं सहसा कुणी दाद देत नाही. तिथे जुनी काळी दारूच लागते.

आणि साध्या काडतुसातली बिनधुराची दारू, जी पॉल व्हिएल या रसायनज्ञानं १८८४ साली फ्रान्समध्ये तयार केली, ती ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरसुद्धा घालू नये. तिचा दाब इतका चढतो की नळीच्या चिंध्या होतात.

परवा रात्री भातात रानडुकरं शिरली म्हणून आप्पांनी हवेत एक बार काढला. सकाळी आम्ही चुलीवर पाणी कढत केलं. कढतच हवं, कारण त्यानं नळी तापते आणि आतली ओल आपोआप सुकते. पहिलं भांडं ओतलं तेव्हा खालून शाईसारखं पाणी आलं, नासक्या अंड्याचा भपकारा घेऊन. तो सल्फाइडचा. आप्पांनी उपरण्यानं नाक धरलं. दुसरं भांडं करडं आलं, तिसरं नितळ. मग सुकं फडकं, आणि नळी हाताला गरम लागत असतानाच वर तेलाचा हात.

‘एवढं सगळं आत होतं व्हय?’ आप्पा म्हणाले, आणि चौथं भांडं ठेवायला सांगितलं.