फॅक्टर देण्यापूर्वीची खबरदारी (हिमोफिलिया)

हिमोफिलिया 'ए'मध्ये रक्त गोठवणारे आठवे प्रथिन कमी असते, 'बी'मध्ये नववे. ते बाहेरून शिरेवाटे देतात. रुग्णांच्या घरी या औषधाला नुसते 'फॅक्टर' म्हणतात. आठच्या जागी नऊ दिले तर रक्तस्राव थांबत नाही. त्यामुळे खोक्यावरचा आकडा आणि रुग्णाच्या कार्डावरचा आकडा जुळवणे ही पहिली खबरदारी. सोपी असल्यामुळेच ती घाईत राहून जाते.

मात्रा वजनावर ठरते. किलोमागे एक युनिट दिल्यास आठव्याची रक्तातली पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, नवव्याची सुमारे 1 टक्क्याने. म्हणजे वीस किलोच्या मुलाची पातळी 40 टक्क्यांनी वाढवायला आठवा 400 युनिट लागतो, नववा 800. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन म्हणूनच दर भेटीत नव्याने करावे.

सर्वात मोठा प्रश्न इनहिबिटरचा. बाहेरच्या फॅक्टरला शरीर परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तीव्र 'ए'मध्ये साधारण चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांत हे घडते, तेही बहुधा पहिल्या 50 मात्रांच्या आत. 'बी'मध्ये बरेच कमी. नेहमीच्या मात्रेने रक्तस्रावामुळे आलेली सांध्याची सूज उतरत नसेल तर मात्रा वाढवत बसण्याआधी इनहिबिटरची चाचणी करून घ्यावी. ती परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेत होते. 'बी'च्या काही रुग्णांना इनहिबिटरबरोबर तीव्र ॲलर्जीही येते, म्हणून सुरुवातीच्या मात्रा घरी न देता दवाखान्यातच देतात.

ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलिया उपचार केंद्र आहे. घरी फॅक्टर नेणाऱ्यांना प्रवास आणि उकाडा दोन्ही सांभाळावे लागतात. औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसवर ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. थर्मासमध्ये व्हायल बर्फाला थेट चिकटवली की ती वाया जाते. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत पिशवी उन्हात धरून उभे राहणेही तितकेच वाईट. देण्याआधी व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, पाणी घातल्यावर हलकेच गोल फिरवावी, खळखळून हलवू नये. द्रव गढूळ दिसला किंवा त्यात कण दिसले तर टोचू नये. मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

इतर औषधांचीही चौकशी हवी. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. एमिसिझुमॅब (हिमोफिलिया 'ए'मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठीचे इंजेक्शन) घेणाऱ्याला सक्रिय प्रोथ्रॉम्बिन संकुल (इनहिबिटर असलेल्यांचा रक्तस्राव थांबवायला देतात ते औषध) मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. रुग्ण एमिसिझुमॅब घेतो हे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.

डोक्याला मार लागला असेल तेव्हा यातले बरेचसे बाजूला ठेवावे लागते. अशा वेळी आधी फॅक्टर देतात आणि सीटी स्कॅन नंतर करतात.