खुब्याचे सांधेरोपण आणि शरीराचे वजन

निकामी झालेला खुब्याचा सांधा काढून कृत्रिम वाटी व गोळा बसविल्यानंतर उद्भवणाऱ्या गुंतागुंती आणि रुग्णाचे वजन यांचा परस्परसंबंध. ही शस्त्रक्रिया जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये साधारणतः १९६० नंतरच्या काही वर्षांत आजच्या स्वरूपात रूढ केली.

सपाट जमिनीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो. अडखळल्यास तो याहून कितीतरी वाढतो. त्यामुळे जड रुग्णाचा कृत्रिम सांधा लवकर सैल होतो, असे पूर्वी गृहीत धरले जाई. परंतु जड माणूस बहुधा कमी चालतो, आणि झीज पावलांच्या संख्येवरही अवलंबून असते. स्थूलतेशी अधिक सातत्याने जोडला गेलेला धोका जंतुसंसर्गाचा आहे. चरबीच्या जाड थरात रक्तपुरवठा कमी असतो, शस्त्रक्रिया लांबते, जखम पाझरत राहते आणि सोबत अनेकदा मधुमेह असतो. सांधा निखळणे व शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे या गुंतागुंतीही स्थूल रुग्णांत अधिक आढळतात.

धोक्याची मर्यादा ठरविण्यासाठी वापरला जाणारा बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक होय. त्याचे मूळ बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांच्या १८३० च्या दशकातील मांडणीत असले, तरी त्यांचा हेतू लोकसमूहाचे वर्णन करण्याचा होता. आजचे नाव अन्सेल कीज व सहकाऱ्यांच्या १९७२ मधील लेखाने रूढ झाले. समूहासाठी योजलेला अंक एकेका रुग्णाचे भवितव्य ठरविण्यास अपुरा पडतो, हा आक्षेप रास्त वाटतो. हा अंक ४० च्या पुढे असल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा विचार व्हावा, असे मत अमेरिकेतील सांधेरोपणतज्ज्ञांनी मांडले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी घाईने वजन उतरविल्याने धोका घटतोच, याविषयी मात्र एकमत नाही. उपासमारीने स्नायू व प्रथिने घटली तर जखम भरणे उलट कठीण होते.

ग्रामीण विदर्भात या विषयाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालत नाही. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचा अंक ४० होण्यास वजन ९० किलो असावे लागते. कापूस वेचणाऱ्या व निंदणाला जाणाऱ्या त्याच उंचीच्या मजूर बाईचे वजन ३८ किलो असल्यास तो १७ च्या आत राहतो. १८.५ हून कमी अंक असलेल्यांतही गुंतागुंती वाढतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण, पुष्कळदा कृश रुग्णावरही सांधेरोपणाची वेळ येते. येथे हिमोग्लोबिन व रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासणे वजनकाट्यावरील आकड्याहून अधिक उपयोगी ठरते.

सांधा निखळण्याच्या दृष्टीने वजनाइतकेच बसण्याच्या सवयीला महत्त्व आहे. मागील बाजूने छेद घेतलेल्या रुग्णाने, विशेषतः पहिले काही आठवडे, उकिडवे बसणे टाळावे, असे सामान्यतः सांगितले जाते. निंदणाचे काम आणि गावातील भारतीय पद्धतीचे शौचालय या दोन्हींत ते नियमितपणे घडते. म्हणून शौचालयात बसण्यासाठी मधे भोक असलेल्या खुर्चीची व्यवस्था घरी परतण्यापूर्वीच करावी लागते.