ठिणगी पडते ती पॉइंट उघडल्यावर: जुन्या मोटारसायकली, मॅग्नेटो आणि इलेक्ट्रॉनिकचं खूळ

"जुन्या बुलेटला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, ४० हजार व्होल्टचा करंट, पिकअप डबल, ऍव्हरेज पण वाढणार" असले व्हिडिओ सध्या फार फिरतायत. त्याखाली दोन पार्ट्या भांडत असतात. एक म्हणते ओरिजिनल ते ओरिजिनल, मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यंत्राची) सर कशालाच नाही. दुसरी म्हणते भंगार काढून टाका. गंमत म्हणजे दोघंही बोलतात व्होल्टवर, आणि व्होल्टचा तर इथे फारसा संबंधच नाही.

आधी तेवढं संपवून टाकू. प्लगच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते. हवेची १ मिलिमीटर फट फोडायला साध्या हवामानात ३००० व्होल्टच्या आसपास लागतात, सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं म्हणून जास्त, जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनला ढोबळमानाने ६ ते १० हजार धरा. आता कॉइलवर, म्हणजे प्लगला व्होल्टेज देणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर, ४० हजार लिहिलेलं असलं तरी व्होल्टेज चढत चढत जिथे फट फुटते तिथेच थांबतं, कारण एकदा ठिणगी पडली की तिथून वीज वाहायला लागते आणि व्होल्टेज कोसळतं. म्हणजे फट ८ हजाराला फुटणार असेल तर ८ हजारच, वरचे ३२ हजार खोक्यावर छापायला. आणि मिश्रण एकदा नीट पेटलं की जाड ठिणगीने ते जास्त पेटत नाही.

आता मुद्द्याचं. जुन्या इग्निशनमध्ये पॉइंट असतात, म्हणजे टेकणारे आणि उघडणारे धातूचे दोन तुकडे. अनेक वर्षं गाडी चालवणाऱ्या लोकांनासुद्धा वाटतं की पॉइंट एकमेकांना टेकले की ठिणगी पडते, घरातल्या बटणासारखं. तसं नाहीये, बरोबर उलटं आहे. पॉइंट टेकलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे जाड तारेच्या थोड्या वेढ्यांमधून, करंट वाहतो आणि आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, तेव्हा प्लगवर काहीच घडत नाही. कॅमने, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या उंचवट्याने, पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तसं बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं, बदल जितका झटपट तितकं जास्त. पाण्याचा जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाईप धाडकन वाजतो ना, तशातलाच प्रकार, वाहतं आहे ते अचानक अडवलं की दणका बसतो. सेकंडरीत बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ते हा दणका शंभरेक पटीने वाढवून प्लगला देतात.

पण इथे एक घोळ आहे. पॉइंट उघडतात तेव्हा फट शून्यापासून सुरू होते, अगदी केसाएवढी, आणि करंट काही लगेच थांबायला तयार नसतो, तो त्या केसाएवढ्या फटीतूनच उडी मारतो. म्हणजे ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडते, पॉइंट जळतात आणि करंट हळूहळू मरत गेल्यामुळे क्षेत्रही हळूहळू कोसळतं, मग प्लगला काय मिळणार, घंटा. यावर उपाय म्हणजे तो स्वस्तातला डबीसारखा कंडेन्सर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही आणि माझ्या मते अख्ख्या इग्निशनमधली सगळ्यात हुशार वस्तू तीच. तो पॉइंटला समांतर जोडलेला असतो. पॉइंट उघडले की करंटला आत शिरायला एक जागा मिळते, कंडेन्सर भरेपर्यंत जे काही मायक्रोसेकंद जातात तेवढ्यात फट पुरेशी मोठी झालेली असते, आणि मग करंट कुठेच जाऊ शकत नाही.

थोडं गणित करतो, नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जा. १२ व्होल्टची बॅटरी आणि ३ ओहमची कॉइल म्हणजे ४ अँपिअर. कॉइलचा इंडक्टन्स ८ मिलीहेन्री धरला तर साठलेली ऊर्जा अर्धा गुणिले एल गुणिले आयचा वर्ग, म्हणजे ६४ मिलीज्यूल. ही ऊर्जा क्षणभर कंडेन्सरमध्ये जाते, तिथे ती अर्धा गुणिले सी गुणिले व्हीचा वर्ग होते, दोन्ही समान धरले की व्ही म्हणजे आय गुणिले एल भागिले सीचं वर्गमूळ. कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरड, भागाकार ४०,०००, वर्गमूळ २००, गुणिले ४, म्हणजे ८०० व्होल्ट. हे कागदावर, प्रत्यक्षात सेकंडरीही आपला वाटा ओढते म्हणून प्रायमरीवर तीनशे-चारशेच दिसतात, आणि त्याची शंभर पट केली की तीस-चाळीस हजार. बघा, पॉइंटवाली जुनी कॉइलसुद्धा त्या जाहिरातीच्या आकड्याजवळ जातेच आहे! आणि याच सूत्रात दिसतं की कंडेन्सर मोठा घातला की व्होल्टेज पडतं आणि फार छोटा घातला की पॉइंट जळतात. जुने मेकॅनिक एका पॉइंटवर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला की कंडेन्सर बदलतात, ते याच्यावरूनच.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा अँपिअर मीटर बघा. चावी लावून डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून हळू किक फिरवली की काटा मायनसकडे झुकतो आणि एका जागी झटकन मध्यावर येतो, मग पिस्टन जरा पुढे सरकवून किक मारायची. लोक म्हणतात काटा टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, दाखवतो. काट्याला पिस्टनचं काही माहीत नसतं. पॉइंट बंद असताना बॅटरीतून करंट जातो म्हणून काटा झुकलेला, पॉइंट उघडले की मध्यावर, बस. बुलेटचं टायमिंगच, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, टीडीसीच्या आधी ०.८ मिलिमीटरवर लावलेलं असतं म्हणून दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच जागी येतात.

मॅग्नेटोत हेच सगळं असतं, फक्त बॅटरी नसते. बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने १९०२ मध्ये हाय टेन्शन मॅग्नेटो बनवला, प्रायमरी, सेकंडरी, पॉइंट, कंडेन्सर सगळं एकाच आर्मेचरवर, म्हणजे फिरणाऱ्या गाभ्यावर, आणि ते आर्मेचर कायमच्या लोहचुंबकात फिरतं. प्रायमरीतला करंट बॅटरी देत नाही, फिरण्यातूनच येतो, आणि तो शिखरावर असताना पॉइंट उघडतात. दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम२० घ्या, सव्वा लाखाच्या आसपास बनल्या त्या, लुकासचा मॅगडायनो लावलेला, म्हणजे खाली मॅग्नेटो आणि त्याच्या डोक्यावर लाईटसाठी डायनमो. बॅटरी काढून फेकून द्या, गाडी चालू होणार. आपल्याकडच्या चेतक आणि लुनालाही फ्लायव्हील मॅग्नेटोच होता, तिथे चुंबक फिरतो आणि कॉइल जागेवर. (चेतक आडवी करून मग किक मारायचे तो पेट्रोलचा मामला, ठिणगीचा नाही.) सेसना १७२ सारख्या पिस्टनच्या छोट्या विमानांमध्येही प्रत्येक इंजिनला दोन-दोन मॅग्नेटो असतात, कारण वर आकाशात बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहायला पाहिजे.

मग मॅग्नेटोची खोड काय? तो फिरण्यावर जगतो. एम२० सारख्या फोर स्ट्रोकमध्ये तो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, किक मारताना मिनिटाला शे-दीडशे फेरे असतील नसतील, तेव्हा ठिणगी सगळ्यात अशक्त, आणि सगळ्यात जास्त गरज तेव्हाच. वेग वाढला की मात्र ठिणगी दणदणीत होत जाते. त्यात हॅण्डलवर टायमिंग मागेपुढे करायची लिव्हर असेल तर आणखी एक भानगड. किक उलटी बसू नये म्हणून आपण लिव्हर मागे ओढतो, त्याने कॅमचा रिंग फिरतो आणि पॉइंट उशिरा उघडतात, पण करंटचं शिखर तर आधीच येऊन गेलेलं असतं, म्हणजे आधीच अशक्त असलेली ठिणगी आपणच अजून अशक्त करतो. म्हणून पूर्ण मागे न ओढता थोडं पुढे ठेवून किक मारणारे जे अनुभवी लोक असतात ते बरोबर असतात. जिथे गिअरमध्ये वजनं आणि स्प्रिंगवाला ऑटो ऍडव्हान्स (वेगाप्रमाणे टायमिंग आपोआप पुढे करणारी जोडणी) आहे तिथे आख्खं आर्मेचरच सरकतं, त्यामुळे पॉइंट शिखरावरच उघडतात आणि हा प्रॉब्लेम येत नाही.

बॅटरीवरच्या कॉइलचं उलटं असतं, हळू वेगात भरपूर वेळ असतो म्हणून करंट पूर्ण भरतो, वेगात वेळ कमी पडतो. इलेक्ट्रॉनिकवाले हाच मुद्दा पुढे करतात. पण बुलेटचं बघू. ५००० आरपीएमला दोन फेऱ्यांना २४ मिलिसेकंद, त्यातला निम्मा वेळ पॉइंट बंद धरले तरी १२, आणि आपल्या वरच्या कॉइलला करंट जवळजवळ पूर्ण भरायला दहा-अकरा पुरतात. म्हणजे एक सिलिंडरच्या बुलेटला वेगात ठिणगी कमी पडते हे खरं नाही, तो प्रश्न एकाच कॉइलवर चार-आठ सिलिंडर चालवणाऱ्या कारचा.

इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा व्होल्टमध्ये नाही, वेळेत आहे. ३००० आरपीएमला इंजिन एक अंश फिरायला जेमतेम ५५ मायक्रोसेकंद. मिश्रण पेटून दाब शिगेला जायला दोनेक मिलिसेकंद लागतात, म्हणजे ठिणगी ३६ अंश आधी पडायला हवी, १००० आरपीएमला मात्र १२ अंश पुरतात. पन्नास वर्षं चाललेला कॅम, सैल बुश, ताणलेले ऍडव्हान्सचे स्प्रिंग, यांनी ठिणगी दर फेरीला दोन-चार अंश इकडेतिकडे पडते. जुन्या ट्विन सिलिंडर ब्रिटिश गाड्यांच्या मॅग्नेटोत तर कॅमच्या दोन उंचवट्यांमध्येच फरक असतो, एक सिलिंडर लवकर, एक उशिरा. इलेक्ट्रॉनिकमध्ये पॉइंटऐवजी सेन्सर असतो, त्याला झीज नाही, तो दर वेळी तिथेच. आयडलिंग घड्याळासारखं होतं ते यामुळे, आणि लोक श्रेय देतात ४० हजाराला.

ऍव्हरेजचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलच्या नळीवर लावायचे ते लोहचुंबक, "रेणू सरळ होतात" वाले. पेट्रोलवर लोहचुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो की रेणू सरळ वगैरे काही होत नाहीत, झालेच तर कार्ब्युरेटरमधून उडताना परत वाकडे होतील. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर उपकरणं तपासली, लक्षणीय फायदा देणारं एकही निघालं नाही. मोटारसायकलवर लोहचुंबकाची जागा एकच, मॅग्नेटोत नाहीतर आल्टरनेटरमध्ये.

मग करायचं काय? मॅग्नेटोवाली गाडी थंड असताना पहिल्या किकला चालू होते आणि तापल्यावर बंद केली की अर्धा तास दाद देत नाही, ही तक्रार असेल तर "चुंबक उतरला" म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. बहुतेक वेळा आर्मेचरच्या आत दडलेला जुना मेणकागदाचा कंडेन्सर तापला की गळायला लागतो, नाहीतर सेकंडरीचं लाखेचं इन्सुलेशन मऊ पडलेलं असतं. मल्टिमीटरने बाहेरून काही कळत नाही, कारण त्याला समांतर अर्ध्या ओहमची प्रायमरी बसलेली असते, मीटर तीच दाखवतो. आर्मेचर नीट रिवाइंड करून आधुनिक कंडेन्सर घातला की तोच मॅग्नेटो पुढची कित्येक वर्षं बिनबोभाट चालतो. मी असा मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक बसवायच्या विरोधात आहे, आणि ते प्रेमापोटी नाही. त्या गाड्यांचा ६ व्होल्टचा डायनमो चांगला असेल तर ६० वॉट देतो, हेडलाईटच निम्मं खातो, त्यात इग्निशनचे दोन-तीन अँपिअर टाकले की रात्री बॅटरी उतरत जाणार, आणि बॅटरी पडली की बऱ्याच इलेक्ट्रॉनिक डब्यांचं टायमिंग चळतं, किक उलटी बसते. ज्या गाडीला बॅटरीची गरजच नव्हती तिला ती लावून दिल्यासारखं होतं.

पॉइंट-कॉइलच्या बुलेटचं वेगळं. तिथे आल्टरनेटर आहे, बहुतेक गाड्यांना १२ व्होल्ट आहेत, बॅटरी तशीही लागतेच, तर बसवा खुशाल. फक्त बऱ्याच किटमध्ये इंजिन थांबलं की करंट आपोआप तुटतो, त्यामुळे काट्याची ती खूण मिळणार नाही, किकचा अंदाज नव्याने बसवावा लागेल, आणि पाच किलो ओहमची रेझिस्टर कॅप लावा, नाहीतर प्लगच्या तारेतून निघणाऱ्या लहरींनी डबाच गोंधळतो. जुनी पॉइंटची प्लेट टूलबॉक्समध्ये ठेवून द्या, डबा आतून राळेने भरलेला असतो, वरंधा घाटात तो कोणी उघडून देणार नाही, पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं.

आणि मॅग्नेटोवाली गाडी अचानक ठार बंद पडली तर काहीही खोलायच्या आधी किल स्विचची वायर काढून किक मारून बघा. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याला अर्थ करायचं, म्हणजे गाडीच्या फ्रेमला जोडायचं असतं, आणि ती वायर फ्रेमला घासून सोलली गेली की गाडी स्वतःच स्वतःला बंद करून बसते.