पार्श्वभूमी : कॉलमची दुरुस्ती आणि कॉलमचे मजबुतीकरण

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात कोसळली ती मुख्यतः दगडमातीची घरे. त्यामुळे काँक्रीटचे घर भूकंपाला पुरून उरते, ही समजूत सातारा-सांगलीकडे खोलवर रुजली. १९७० मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारताना कोयना परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, क्षेत्रात आला. १९९३ पासून चांदोलीच्या बाजूलाही धक्के बसू लागले. या काळात सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत तळमजल्यावर मोकळे पार्किंग ठेवलेल्या इमारती उभ्या राहत होत्या.

त्या काळातला कॉलम बहुधा ९ इंच रुंद, त्यात ६ मिलिमीटरच्या रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया) आठ-नऊ इंचांवर, आणि रिंगेची टोके नुसती काटकोनात वळवलेली. जोराच्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट निखळले की अशी रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतला गाभा चुरडतो. किल्लारीचा भूकंप झाला त्याच १९९३ साली आलेल्या भारतीय मानकाने, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीने, रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवण्याची आणि कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरच्या आत ठेवण्याची तरतूद केली. मात्र ती नव्या बांधकामासाठी होती. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या पार्किंगच्या इमारती कोसळल्या, तेव्हा जुन्या कॉलमचा प्रश्न ऐरणीवर आला. जुन्या काँक्रीट इमारतींची तपासणी आणि मजबुतीकरण यांवरचे स्वतंत्र मानक मात्र २०१३ मध्ये निघाले.

खरा गुंता शब्दांचा आहे. मानकांच्या भाषेत डागडुजी म्हणजे भेगा आणि गिलावा नीट करणे, पूर्ववत करणे म्हणजे गेलेली मूळ ताकद परत आणणे, आणि मजबुतीकरण म्हणजे मुळात नव्हती ती ताकद देणे. सोसायटीच्या ठरावात, दरपत्रकात आणि ठेकेदाराच्या बोलण्यात या तिन्हींना सर्रास ‘जॅकेटिंग’, म्हणजे कॉलमभोवती नवे आवरण चढवणे, म्हटले जाते. गंजलेली सळई घासून, रंग देऊन, वर इंचभर पॉलिमर मसाला चढवलेला कॉलम दिसायला नवा होतो. भूकंपाच्या दृष्टीने तो होता तिथेच राहतो. हा फरक ठरावात लिहिला जात नाही, आणि रहिवाशांची मोठी फसगत इथेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काँक्रीटच्या खऱ्या जॅकेटमध्ये गिलावा पूर्ण काढून जुना पृष्ठभाग खडबडीत करतात, नव्या उभ्या सळया आणि जवळजवळ बसवलेल्या रिंगा बांधतात आणि किमान १०० मिलिमीटर जाडीचे, जुन्यापेक्षा जास्त ताकदीचे काँक्रीट भरतात. सळया स्लॅबला भोके पाडून वरच्या मजल्यात आणि खाली इमारतीच्या पायात न्याव्या लागतात. जॅकेट स्लॅबखालीच थांबवले, तर कॉलमच्या टोकाशी, म्हणजे भूकंपात जिथे तो सर्वांत जास्त वाकतो तिथेच, नवी सळई नसते. शिवाय दोन-चारच कॉलम जाड केले, तर ताठपणामुळे हादऱ्याचा मोठा वाटा त्यांच्याकडेच ओढला जातो. म्हणून एकेका कॉलमचे दर मागवण्याआधी संपूर्ण इमारतीचे गणित नव्याने मांडावे लागते.